नऊवारी लुगडं आणि दहा पोरी

रंभाबाई माणसाची पारख त्याच्या पांढऱ्या कपड्यावरून करायच्या. नागपूरच्या एका सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं त्यांनी चादरी धुतल्या होत्या, त्यामुळे त्यांचं चूक होतं असंही म्हणता येत नाही. नवरा गेल्यावर त्या लंडनला, ईलिंगमध्ये मुलाकडे राहायला आल्या. विमानतळावर सून कल्याणी पाया पडायला वाकली, तर तिच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी पहिलं वाक्य काय म्हणावं? "पोरी, तुझ्या ओढणीले नीळ कमी पडली."

नीळ त्यांच्या बॅगेतच होती. तीन बाटल्या, प्लॅस्टिकच्या चार-चार पिशव्यांत गुंडाळून आणलेल्या. मशीनवर त्यांचा विश्वास नव्हता. मशीन गोल फिरतं, त्याला डोळे कुठे आहेत, असं त्यांचं म्हणणं. पांढरं कापड हाताने धुवायचं आणि शेवटच्या पाण्यात निळीचे चार थेंब टाकायचे, म्हणजे ते चांदण्यासारखं दिसतं.

सगळ्यात पांढरं म्हणजे त्यांचं नऊवारी लुगडं. सुती, घट्ट विणीचं. वर्षातून एकदाच, वैशाखी पौर्णिमेला, त्या ते नेसायच्या आणि एरवी कपाटात ठेवायच्या. कल्याणीला बजावून ठेवलं होतं, "मी गेली की मले हेच नेसवाचं. दुसरं काही शोधत बसू नको."

"आई, सकाळी सकाळी हे काय बोलता तुम्ही," कल्याणी म्हणायची.

"मग कवा बोलू? गेल्यावर?"

कल्याणी कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, निर्वासितांची सोय बघायच्या कामाला. त्या कामातूनच फुटबॉल खेळणाऱ्या पोरी तिच्या घरी यायला लागल्या. सगळ्या अफगाणिस्तानच्या. तिकडे त्या देशाच्या संघातून खेळायच्या. मग राज्य बदललं आणि बायकांनी खेळायचं नाही असा हुकूम निघाला. पोरींनी फोनमधले फोटो पुसले, बक्षिसं चुलीत घातली आणि सापडेल त्या वाटेने देश सोडला. इथे येऊन पुन्हा टीम उभी राहिली, पण देशाचं नाव लावायची सोय नाही, कारण अशी टीम आमची नाहीच असं देश म्हणतो. म्हणून रविवारच्या लीगमध्ये त्या एका पार्कच्या नावाने खेळायच्या.

त्यांची कॅप्टन मरजिया. तेवीस वर्षांची, ताडमाड उंच, नऊ नंबरची जर्सी. एका बेकरीत पहाटेपासून पाव भाजायची आणि दुपारी मैदानावर. ती हिंदी मालिका बघून हिंदी शिकली होती, त्यामुळे साधं पाणी मागायचं तरी एखाद्या खानदानी घरातल्या मोठ्या सुनेसारखं मागायची. रंभाबाईंची हिंदी नागपूरच्या दवाखान्यातली. दोघींचं बोलणं ऐकून कल्याणीला हसू आवरायचं नाही, पण त्या दोघींना एकमेकींचा शब्द न् शब्द कळायचा. मरजिया त्यांना खाला म्हणायची, म्हणजे मावशी.

एकदा भाकरी थापता थापता रंभाबाईंनी विचारलं, "तुझी तिकडची जर्सी कुठं हाय?"

"आईने पुरली, खाला. कोंबड्यांच्या खुराड्याखाली. शोधायला येणारे लोक तिथे हात घालत नाहीत."

"हुशार बाई हाय."

"माझा खेळ मात्र तिने कधी बघितला नाही. तिथे बायकांना मैदानात येऊ देत नव्हते. मी घरी यायचे, ती गुडघे शेकायची. तेवढाच तिला फुटबॉल माहीत."

आणि आता फोनवरून ते जमणार होतं. आई हेरातला बहिणीकडे जाणार होती, तिथे नेट चालतं. संध्याकाळी दोन-अडीच तास, अंधार पडेपर्यंत. इथली दुपारची दोनची मॅच म्हणजे तिकडची साडेपाचची. मरजियाने आईला सांगून ठेवलं, पांढऱ्या जर्सीत नऊ नंबर बघ, ती मी. लीगची ही शेवटची मॅच. पुढच्या मोसमापर्यंत तिकडे नेट राहील की नाही, कुणी सांगावं.

हे ऐकल्यावर रंभाबाई म्हणाल्या, "मग जर्सी मी धुणार."

कुण्या शाळेने दान दिलेल्या त्या जर्सी होत्या, जुन्या, सुती. चिखलाने आणि गवताने त्यांचा रंग ओळखू येत नव्हता. शनिवारी रंभाबाईंनी चौदाच्या चौदा जर्सी बाथटबात भिजवल्या, घासल्या, पिळल्या, पुन्हा भिजवल्या. डाग गेले. शेवटचं पाणी भरलं. आता नेहमीचं माप बादलीला चार थेंब. पण हा टब, बादली नाही. टबात किती बादल्या? रंभाबाईंनी अंदाजाने बाटली कलती केली, तेवढ्यात नागपूरहून बहिणीचा, सुप्रभाचा, फोन आला. सुप्रभाच्या शेजारणीच्या मुलीचं लग्न मोडलं होतं, आणि ती काही दोन मिनिटांत सांगून संपणारी गोष्ट नव्हती.

रंभाबाई परत आल्या तेव्हा टबात आभाळ उतरलं होतं.

त्यांनी तीन वेळा पाणी बदललं. चौथ्यांदा कल्याणी येऊन दारात उभी राहिली. जर्सी एकसारख्या सुंदर निळ्या झाल्या होत्या. दवाखान्यात असं झालं असतं तर मुकादम दिवसभर बोलला असता. कल्याणी मात्र टबाच्या कडेवर बसून फक्त हसत राहिली. हसून झाल्यावर म्हणाली, "जाऊ दे आई. निळा आपलाच रंग आहे. त्या आईला मेसेज करू, पांढरं नाही, निळं बघा म्हणून."

मरजियाने मेसेज केला, पण तो पोचल्याची खूण काही आली नाही.

रविवारी नेमका वैशाखी पौर्णिमेचा कार्यक्रम होता. सकाळी भाड्याच्या हॉलमध्ये सगळ्यांनी त्रिशरण, पंचशील घेतलं, खीर खाल्ली. मग रंभाबाई उठून म्हणाल्या, "ज्याइले घरी काम नाही त्या माह्यासंग मॅचले चला." अकरा बायका निघाल्या, शुभ्र साड्यांत, उरलेल्या खिरीचा डबा घेऊन. बसमध्ये ड्रायव्हरने विचारलं, लग्न आहे का. त्या बायकांतल्या धम्मशीलाताई म्हणाल्या, "हो, अकरा नवऱ्या मैदानावर थांबल्यात."

मैदानावर पोचल्या तर तिथे नुसता घोळ. समोरची टीमही निळी, हुबेहूब तशीच आभाळी, जणू त्यांच्याही घरी कुणी रंभाबाई होती. पंचबाई इंग्रज, आखूड केसांच्या, स्वभावाने चांगल्या पण नियमाला पक्क्या. त्या म्हणाल्या, एका रंगात वीस पोरी मी खेळवणार नाही. पाहुण्यांनी, म्हणजे मरजियाच्या टीमने, बदलायचं. दोन वीसपर्यंत वेळ देते, त्यानंतर मॅच समोरच्यांची.

समोरच्या टीमकडे दुसरा संच नव्हता. सरावाच्या नारिंगी बंड्या होत्या, त्या पाच. दोन वाजून तीन मिनिटं झाली. मरजियाचा फोन वाजला. पडद्यावर तिची आई, डोक्यावरून ओढणी, मागे बहिणीच्या घरातली मुलंबाळं. मेसेज मिळालाच नव्हता. आई विचारत होती, पांढरे कुठे आहेत?

मरजियाने फोन धम्मशीलाताईंच्या हातात दिला आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला बसली. इतकी उंच पोर, पण त्या क्षणी एवढीशी झाली.

रंभाबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग आपल्या लुगड्याकडे बघितलं. त्यांनी मनात काय म्हटलं ते मला माहीत नाही. त्या फारसं बोलून दाखवणाऱ्यातल्या नव्हेत. पण सकाळीच हॉलमध्ये भन्तेजींनी दानाबद्दल सांगितलं होतं, की द्यायचं ते हातातून सुटेपर्यंतच जड लागतं.

"कल्याणी, कपडे बदलाची खोली कुठं हाय? आणि कोणाचा जादा पायजमा असंल तर दे."

"आई, काय करताय तुम्ही?"

"नऊ वार म्हणजे अठरा हात. पोरी दहा. गोलकीपरचं पिवळं हायच. पावणेदोन हाताचा एक तुकडा. मधात भोक, त्यात मुंडकं. पुरते."

कल्याणीला कळलं आणि तिचा चेहरा उतरला. "आई, ते लुगडं तर तुम्ही…"

"मी काय आज मरून राहिली का? चाल."

चार मिनिटांनी रंभाबाई बाहेर आल्या त्या मरजियाच्या ट्रॅकसूटमध्ये. पँट चार वेळा दुमडलेली, तरी बुटांवर लोळत होती. मानेवर अंबाडा सैल झालेला, छातीवर पार्कचं नाव. अकरा बायकांनी हसायचं नाही असं ठरवलं आणि ते कुणालाच जमलं नाही. रंभाबाई म्हणाल्या, "हसा मागून, आधी हे लुगडं धरा."

प्रथमोपचाराच्या पेटीतली बोथट कात्री होती. रंभाबाई हाताने माप घ्यायच्या, काठावर जरासं कापायच्या, आणि मग दोन बायका दोन्हीकडून ओढायच्या. टर्रर्र. सुती कापड आडव्या धाग्याला सरळ फाटतं, फक्त भ्यायचं नसतं. टर्रर्र, दुसरा. समोरच्या टीमच्या गोऱ्या पोरी आधी लांबून बघत होत्या, मग धावत आल्या आणि त्यांनीही टोकं धरली. फाडायला काय मजा येते, हे त्यांना बहुतेक त्या दिवशीच कळलं. कल्याणी नोटिशी लिहायचा जाड काळा मार्कर घेऊन गुडघ्यावर बसली आणि पाठीपाठीवर आकडे घालत गेली. पंचबाई घड्याळ बघत उभ्या होत्या. शेवटच्या तुकड्याला त्यांनी स्वतःच एक टोक धरलं आणि मग कुणी बघितलं का म्हणून इकडेतिकडे बघितलं.

दहा तुकडे झाले आणि अर्धा हात उरला. तो रंभाबाईंनी मरजियाच्या दंडाला बांधला. "कॅप्टन हायेस ना? मग दिसाले पाहिजे."

दोन वाजून एकोणीस मिनिटांनी दहा पोरी मैदानात उतरल्या. निळ्यावर पांढरं, कमरेला गाठ मारलेलं, वाऱ्याने पोटाशी फुगलेलं. फुटबॉलची टीम कमी आणि उडायला निघालेली बदकं जास्त दिसत होत्या. शिट्टी वाजली.

खेळाचं रंभाबाईंना काही कळत नव्हतं. चेंडू आपल्या पोरीकडे आला की चांगलं, गेला की वाईट, एवढं धरून त्या राखीव खेळाडूंच्या बाकावर बसल्या. अर्ध्या तासात दोन गोल खाल्ले. धम्मशीलाताई हात उंच करून फोन धरून होत्या, हेरातला सगळं दाखवत होत्या. वीस मिनिटांनी कल्याणीने सहज डोकावलं तर कॅमेरा उलटा. वीस मिनिटं मरजियाची आई धम्मशीलाताईंची हनुवटी आणि नाकपुड्या बघत बसली होती आणि बिचारी एक शब्द बोलली नव्हती. तिला वाटलं असेल, इथे आधी पाहुण्यांचं दर्शन घ्यायची पद्धत असावी.

कॅमेरा फिरवला. शेवटची दहा मिनिटं उरली असताना चेंडू उंच आला आणि मरजियाने तो मांडीवर झेलून जमिनीवर घेतला. एका गोरीला डावीकडे फसवलं, दुसरीने पाठीमागून पांढरं कापड धरलं, ते टर्रकन निम्मं तिच्या हातात आलं आणि मरजिया पुढे. गोलकीपर पुढे आली. मरजियाने चेंडू तिच्या बाजूने असा सरकवला, जसा बेकरीत पाव भट्टीत सरकवतात.

अकरा साड्या मैदानात घुसल्या. पंचबाईंना शिट्टी चार वेळा वाजवावी लागली. फोनमधूनही आरडाओरडा येत होता, तिकडच्या घरात कुणीतरी डबा बडवत होतं, आणि मग कुणीतरी सगळ्यांना गप्प केलं, कारण बाहेर आवाज जायला नको.

मॅच तीन-एकने गेली. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. खिरीचा डबा उघडला, दोन्ही टीमांनी खाल्ली, पंचबाईंनी दोनदा. रंभाबाई चिखलाने माखलेले तुकडे गोळा करायला लागल्या तशी कल्याणी म्हणाली, "हे मशीनमध्ये जाणार, आई. आणि नीळ माझ्याजवळ राहील."

तेवढ्यात मरजियाने फोन आणून रंभाबाईंसमोर धरला. तिकडे उजेड उतरत चालला होता. आई काहीतरी रागाने बोलत होती.

"काय म्हणते?"

मरजिया लाजत म्हणाली, "विचारते, माझ्या मुलीला फाटकं कुणी घातलं? तिकडे कपडे मिळत नाहीत का?"

"फाटकं?" रंभाबाई ताठ झाल्या. "तिले सांग, कोरं करकरीत होतं. माह्या मरणासाठी ठेवलं होतं."

मरजियाने सांगितलं. आईने ओढणीचं टोक तोंडाशी नेलं, आणि हसते की रडते ते काही वेळ कळलं नाही. मग ती सावकाश बोलली आणि मरजियाने एकेक वाक्य करून सांगितलं.

"ती म्हणते, हे कापड मी देणं लागते. मी स्वतः घेऊन येईन, माझ्या हाताने. म्हणते, तोवर खालाला सांग, कुठे जायचं नाही."

"किती दिवस लागतील तिले?"

मरजियाने खांदे उडवले. "माहीत नाही, खाला. रस्ता उघडेल तेव्हा."

रंभाबाईंनी ट्रॅकसूटच्या बाह्या वर सारल्या, फोनकडे बघून हात जोडले आणि म्हणाल्या, "थांबते म्हणाव. पण सुतीच आण म्हणा."