तिला सांगून लिहिलेली प्रकरणं

माघातल्या एका मंगळवारी माझी पत्नी वारली. मी वर्गात होतो. शेजाऱ्यांचा फोन आला आणि मी घरी गेलो.

नागपुरात राहून फ्रान्सचा इतिहास लिहिणारा माणूस हा नातेवाइकांत थट्टेचाच विषय. राज्यक्रांतीच्या तोंडावर तिथल्या गावकऱ्यांनी राजाला गाऱ्हाणी लिहून पाठवली होती. माझं पुस्तक त्यांच्यावर आहे. त्या कागदांच्या प्रती संगणकावर मिळतात. संध्याकाळी ती भाजी निवडायला बसली, की मी एकेक गाऱ्हाणं तिला सांगायचो. ती उमरेडकडच्या शेतकरी घरातली. मी पुस्तकी बोलू लागलो की म्हणायची, ‘अवो, हे लेक्चर कॉलेजात द्या. मले सांगा.’ मग ते फ्रेंच शेतकरी आमच्या ओट्याशी उमरेडच्या बोलीत तक्रारी करायचे.

एकदा जमीनदाराच्या कबुतरांचं गाऱ्हाणं निघालं. ही कबुतरं शेतात पेरलेलं बी टिपून खायची.

‘मंग मारत काहून नाहीत त्याइले?’

‘हक्क नाही वं. कबुतरं मालकाची.’

‘आन् दाणे?’

‘दाणे शेतकऱ्याचे.’

‘म्हणजे आमच्या बाबाच्या वावरासारखंच. पीक आपलं, रानडुक्कर सरकारचं.’ तिने मेथीची दुसरी जुडी सोडली. ‘एवढं समजाले फ्रेंच शिका लागते का?’

दुसऱ्या दिवशी मी ते प्रकरण नव्याने मांडलं. ती ‘मंग?’ विचारायची आणि मला उत्तर सुचायचं नाही, तिथे लिखाण कच्चं आहे हे मला कळायचं. पुस्तकाची पहिली पाच प्रकरणं अशीच झाली.

सहावं जंगलातल्या सरपणाचं आहे. पुण्याहून मुलगी म्हणाली, ‘बाबा, आता मला सांगत जा.’ एका रविवारी मी फोनवर सांगितलं. तिने मधे न बोलता सगळं ऐकून घेतलं. ‘छान आहे, बाबा. जेवून घ्या आता,’ म्हणाली. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी सगळं पुस्तकी मराठीत सांगितलं होतं.

नंतर स्वयंपाकघरात बसून एकट्यानेच मोठ्याने सांगून पाहिलं. दोन वाक्यांनंतर मी सवयीने थांबलो. कोणी काही विचारलं नाही. पुढचं वाक्य मला आलं नाही.

प्रकाशकांनी दुसऱ्यांदा मुदत वाढवून दिली आहे. पाच प्रकरणं लिहून झाली आहेत. सहाव्याची फक्त टिपणं आहेत.