मागचा आवाज

त्याला सगळे कानसेन म्हणत. चार मित्रांनी मिळून स्वतःच्या हिमतीवर काढलेल्या छोट्या चित्रपटांसाठी तो ध्वनिमुद्रण करायचा. चित्रीकरण संपलं की बाकीच्यांना घरचे वेध लागायचे आणि ह्याचं सुरू व्हायचं, "कोणी हलू नका. एक मिनिट खोलीचं." मग आठ-दहा माणसं खांबासारखी उभी आणि हा पठ्ठ्या खोलीची शांतता टिपतोय. एकदा दिग्दर्शकालाच शिंक आली, तर ह्याने ते मिनिट पुन्हा पहिल्यापासून घेतलं. डोक्याला तापच होता, पण कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्याचा स्वतःसाठीही एक नियम होता. आपला आवाज मुद्रणात येता कामा नये. खोकला आला तर गिळायचा.

चाळीस वर्षं त्याने लोकांच्या आज्या, आजोबा, त्यांची भांडणं, त्यांच्या आठवणी जपून ठेवल्या. स्वतःच्या आईचा मात्र एक शब्दही त्याच्याकडे नव्हता. तो चार वर्षांचा असताना ती गेली. घर ज्यू, शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत आई मेणबत्त्या लावायची आणि मग गायची, असं नातेवाईक सांगत. ती गेली, मेणबत्त्याही बंद झाल्या. वडिलांनी त्यावर कधी तोंड उघडलं नाही आणि ह्याचीही विचारायची छाती झाली नाही.

आणि मग मावशीच्या नातीने आजीवर चित्रपट काढायला घेतला. मावशी म्हणजे त्याच्या आईची थोरली बहीण, वय शहाऐंशी; शुक्रवारी तिच्याकडे जायचं त्याने कायम टाळलं होतं. दोघी बहिणी शुक्रवारी गायच्या ते गाणं येणारं माणूस आता जगात हे एकच उरलं होतं. नातीला ते चित्रपटासाठी हवं होतं. त्याला का हवं होतं, हे त्याने कोणाला सांगितलं नाही.

मावशीने अट घातली. "मेणबत्त्या लावेपर्यंत काय करायचं ते करा. त्या लागल्या की शब्बाथ सुरू, विसाव्याचा दिवस. मग यंत्र चालणार नाही."

गाणं नेमकं मेणबत्त्यांनंतरचं.

पहिल्याच शुक्रवारी नात त्याच्या कानाशी लागली. "मामा, रेकॉर्डर टेबलाखाली चालू राहू दे ना. आजीला काय कळणार आहे?"

क्षणभर त्याचा हात थबकला. हे गाणं आज निसटलं तर पुन्हा मिळेल ह्याची खात्री काय? मग त्याने रेकॉर्डरमधल्या बॅटऱ्या काढल्या आणि मावशीला दिसतील अशा खिडकीत मांडून ठेवल्या.

"न विचारता घेतलेला आवाज मला नको," तो म्हणाला. नात दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

असे सहा शुक्रवार गेले. मेणबत्त्या लागायच्या, बॅटऱ्या खिडकीत जायच्या आणि हा हात बांधून नुसता ऐकत बसायचा. माझ्या मते, त्याने आयुष्यात केलेलं सगळ्यात चोख काम ते हेच.

सातव्या आठवड्यात मावशीचाच फोन आला. "मंगळवारी ये. यंत्र घेऊन ये. तुझ्या बॅटऱ्या बघतेय मी."

मंगळवारी सकाळी ती त्याच टेबलाशी बसली. दोन ओळी गायली आणि अडकली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच अडकली. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटले, ओठ हलले, पण शब्द काही येईना.

"मेणबत्त्यांशिवाय नाही गं येत," ती नातीला म्हणाली. "गेलं बहुतेक."

माईकचा दांडा हातात, हेडफोन कानावर, आणि कानसेनने चाळीस वर्षांचा नियम मोडला. त्याने तिसरी ओळ म्हटली, हळू, जाड्याभरड्या आवाजात. मावशीने डोळे न उघडताच ती उचलली. मग ती पुढे आणि तो मागे, असं ते गाणं शेवटपर्यंत गेलं. नात कॅमेऱ्यामागे रडत होती. त्यानंतर खोलीचं एक मिनिट घ्यायचं राहिलं, त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच.

भानावर आला तसा तो ओशाळला. "माझा आवाज आलाय मध्ये," तो नातीला म्हणाला. "चूक झाली. काढून टाकू."

"आधी मला ऐकू दे," मावशी म्हणाली.

त्याने हेडफोन तिच्या कानांवर नीट बसवले. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग हेडफोन काढून तिने त्याचा हात धरला.

"तुझी आई अशीच गायची," ती म्हणाली. "माझ्या मागे राहून, खालच्या आवाजात. ह्याच ओळीवर जरा रेंगाळायची. तुला कोणी सांगितलं होतं?"

त्याला कोणीच सांगितलं नव्हतं.

"मामा," नातीने विचारलं, "काढायचा ना तुझा आवाज?"

त्याने हेडफोन कानावर चढवले.

"राहू दे," तो म्हणाला. "आणि परत एकदा लाव."