कोऱ्या बाजूवरचा अर्ज

काल पुंडलिकनगरात भाचीच्या डोहाळजेवणाला गेले. तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या किणकिणल्या आणि मला आठ वर्षांपूर्वीचं कंपनीचं ऑफिस आठवलं.

मलाही तेव्हा सातवा महिना होता. मॅनेजरसाहेबांनी टाइप केलेला राजीनामा पुढं सरकवला. "सही करा ताई. बाळंतपण झालं की परत घेऊ."

माझ्याआधी पॅकिंगमधल्या सुनीतानं अशीच सही केली होती. तिला परत कुणी बोलावलंच नाय.

मी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर प्रसूती रजेचा अर्ज लिहिला. खोलीत आवाज फक्त टेबलावर घासणाऱ्या माझ्या बांगड्यांचा.

"शिक्का मारून पोच द्या साहेब. त्याशिवाय मी उठणार नाय."

तासाभरानं शिक्का बसला. रजा मिळाली, नोकरीही राहिली. तरी आपण उर्मटपणा केला, असं कितीतरी दिवस वाटायचं. आता त्या वाटण्याचाच राग येतो. हक्काचं मागताना लाज कसली?

ओटी भरताना भाची हळूच म्हणाली, "मावशी, मला पण राजीनामा मागितलाय."

मी पर्समधलं पेन काढलं आणि तिच्या ओटीत नारळाशेजारी ठेवलं.