लग्नाआधीचे टाके

मोंढ्याच्या बाजारातून नुसतं चालत गेलं तरी अंगाला हळद लागते, तसं आहे आमचं. मी काही किस्से गोळा करत नाही, पण हिंगोलीत बायकांचा दवाखाना चालवला की ते चिकटतातच. त्यातले हे पडद्याचे. म्हणजे लग्नाआधी मुलीचं योनिपटल शिवून द्यायचं, पहिल्या रात्री रक्त दिसावं म्हणून. मी ते ऑपरेशन करते. उपदेश करून पोरीला परत पाठवलं आणि सासरच्यांनी दुसऱ्या दिवशी तिला माहेरी आणून टाकलं, तर माझा उपदेश काय चाटायचाय?

०

हिंगोली जिल्हा व्हायच्या आधीची गोष्ट. साखऱ्याकडची एक आई शाळकरी लेकीला घेऊन आली. पोरगी सायकलवरून पडलेली आणि आईचा एकच धोशा, आतलं फाटलं असंल तर आत्ताच शिवून टाका. मी कागदावर चित्र काढून समजावलं. पडदा प्रत्येकीचा वेगळा असतो, कित्येकींना पहिल्या वेळी रक्त येतच नाही, हिला तर नुसतं खरचटलंय. आईला पटलं! मी खूश. जाताना दारात थांबून म्हणाली, "तुमी काळजी करू नका बाई. सायकल इकून टाकली."

शाळा लांब होती. पोरगी पुढं शिकली नाही.

०

एक बाई होणाऱ्या सुनेला 'अशक्तपणा' म्हणून घेऊन आल्या. पोरीला बाहेर बसवलं आणि हळूच म्हणाल्या, कोरी आहे का तेवढं बघून सांगा. मी म्हटलं, असं तपासून कळत नसतं, कुठल्याच डॉक्टरला. बाईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"मग तुमी डॉक्टर काहून झाल्या?"

०

नरसीच्या एक मावशी भाचीला घेऊन आल्या. भाचीचं कॉलेजात एकाशी जमलेलं, त्यानं हात वर केले, आता दुसरीकडे लग्न ठरलेलं. ऑपरेशनचं ऐकून मावशी हसायलाच लागल्या. त्यांच्या वेळी त्यांच्या आईनं सांगितलं होतं, हिरव्या चुड्यातली एक बांगडी फोड आणि मनगटाला लाव. मनगटावरचा वण दाखवला. मी विचारलं, मालकांना कळलं नाही?

"न्हाई वो. अजून सुनांना ऐकवून राहिले, तुमची सासू कशी चोख होती म्हणून."

भाची हसली नाही. तिनं ऑपरेशनच करून घेतलं.

०

दोन हजार सालानंतर नवीनच फॅशन. एक मास्तरीणबाई आल्या, दोन लेकरांची आई. नवऱ्यानं पेपरात कुठल्यातरी मोठ्या शहरातली जाहिरात वाचलेली, त्याला लग्नाच्या वाढदिवसाला हे 'गिफ्ट' पाहिजे होतं. मी चिडले. तुम्हाला स्वतःला पाहिजे का, असं स्पष्ट विचारलं. बाईंनी जरा विचार केला.

"मॅडम, टाके भरेपर्यंत तरी हात लावणार नाही ना तो?"

०

आणि हा एक. साखरपुडा झालेला मुलगा, बियाण्याचं दुकान चालवणारा, होणाऱ्या बायकोला स्वतः मोटारसायकलवर घेऊन आला. सरळ म्हणाला, आमचं आधीच झालंय, चूक माझीबी आहे, पण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आमची आत्या चादर बघणार. हिच्यावर बालंट नको. मला तो फार आवडला! सिस्टरला म्हटलं, इतक्या वर्षांत असा एक तरी निघाला. पोरगी तर त्याच्याकडे देवाकडे बघावं तसं बघत होती. टाके घातले, लग्न झालं, चादर पास झाली. आत्यानं म्हणे गल्लीभर पेढे वाटले.

वर्षाच्या आत दोघं परत दवाखान्यात. मला वाटलं गोड बातमी. पण ती बाहेर बाकावरच बसून राहिली, पायाशी कपड्यांची पिशवी, डोळे सुजलेले. तो एकटा आत आला. झोप लागत नाही म्हणाला. लग्नाआधी आपल्याला हो म्हणाली, तशी आणखी कुणाला म्हणाली असेल, हे डोक्यातून जातच नव्हतं. ती लेकरासारखी शपथा घेत होती आणि ह्याला पटत नव्हतं. आज उलगडा झाला नाही तर इथूनच तिला माहेरी सोडणार होता.

मग खुर्ची पुढं ओढली आणि अगदी अदबीनं म्हणाला,

"बाई, टाके तुमीच घातले. तवा तुमाला बराबर दिसलं असंल. खरं सांगा, माझ्याआधी कोण होतं?"