मानाचे पत्ते

माझी लेक शाळेत बोलत नाही. घरात तिचं तोंड दिवसभर चालू असतं, पण शाळेत कुणी नाव विचारलं तरी ती आपल्या बुटांकडे बघत बसते. नववीत गेली तरी तेच. मग कुठून तरी तिला त्या पत्त्यांचा नाद लागला. आपले रमीचे पत्ते नव्हेत. ह्यात प्रत्येक पत्त्यावर एखादा प्राणी नाहीतर राक्षस, त्याची ताकद, खाली बारीक अक्षरांत नियम. पाकीट विकत घ्यायचं, आत काय निघेल ते आपलं नशीब, आणि जमलेल्यातून निवडून साठ पत्त्यांचा स्वतःचा डेक रचायचा.

धुळ्यात एका स्टेशनरीच्या दुकानाच्या माडीवर महिन्यातून एका रविवारी हे खेळणारी मुलं जमतात. मी तिला जळगावहून एसटीनं घेऊन जायचे आणि तिच्या शेजारची खुर्ची धरून बसायचे. तिथं ती बोलायची. समोरच्या अनोळखी पोराला "थांब, माझी पाळी संपली नाही अजून" असं ठणकावून सांगायची. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझे डोळे भरून आले, आणि मी पर्समध्ये काहीतरी शोधायचं सोंग केलं.

पण ती हरायची. दर वेळी हरायची. दिवाळीनंतरच्या रविवारी परत येताना गाडी पारोळ्याला थांबली होती, तेव्हा ती म्हणाली, "मम्मी, पुढच्या वेळी हरले तर बस झालं. डेक कुणाला तरी देऊन टाकीन." मी "बघू" म्हटलं. ती माडी सुटली की हिचं बोलणंही सुटलं, हे मला दिसत होतं.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे. एखादी गोष्ट कशानं होते ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. नवरा म्हणतो, तुला नसत्या चौकशा फार. असू देत. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्या आल्या मी मेथीची जुडी बाजूला सारली, तो डेक टेबलावर मांडला आणि तिला म्हटलं, "शिकव मला."

तिनं शिकवलं, पण कपाळाला आठ्या घालून. प्राणी खेळवायचा तर त्याला लागतील तेवढे शक्तीचे पत्ते आधी जमायला हवेत. लहानाला एखादा पुरतो, मोठ्याला ढीगभर लागतात. पाण्याच्या प्राण्याला पाण्याची शक्ती, आगीच्याला आगीची. एवढं डोक्यात शिरल्यावर मी पत्ते पिसायचे, डावाच्या सुरुवातीला घेतात तसे सात उचलायचे, बघायचे, पुन्हा पिसायचे. मला त्यात मजाच वाटायला लागली. हळूहळू दिसायला लागलं की हाताला कधी मेळच नाही. मासा यायचा तर पाण्याची शक्ती नाही, आगीची शक्ती यायची तर आगीचं कुणी नाही.

"अगं, चांगला पत्ता चारदा घालता येतो म्हणालीस ना? मग ह्यात सगळे एकेकच का?"

"जागा नाही."

"का नाही?"

तिनं पत्ते उलटून दाखवायला सुरुवात केली. हा रावेरच्या आत्यानं दिलेल्या पाकिटातला. हा असोद्याच्या काकूचा. हा मामाचा. मामा म्हणजे सोनगीरला असणारा माझा भाऊ. त्याचा फोन आला की तो आधी विचारणार, "मना पत्ता शे ना त्यामा?" माझा पत्ता आहे ना त्यात? आणि ही प्रामाणिकपणे सांगणार, आहे.

मला हसू आलं आणि लगेच मावळलं. कारण हे तिला मीच शिकवलं होतं. पुतण्याच्या लग्नात पाहुण्यांना टोपी-टॉवेल द्यायचं काम माझ्याकडे होतं आणि ही शेजारी बसून एकेक उचलून देत होती. त्यात एक मेहुणे राहून गेले. झालं, ते न जेवता गाडीत जाऊन बसले, आणि त्यांची समजूत काढायला मी हिलाच बरोबर नेलं होतं. मान चुकला की माणूस दुखावतो, हे पोरीनं तिथं बघितलं. मग तिनं डेकसुद्धा तसाच रचला, कुणाचाही मान न चुकवता.

"काढ सगळे," मी म्हटलं. "मामाला मी सांगते."

भावाला फोन केला. तो म्हणाला, "फेकू नका फक्त." त्याचं तेवढ्यावर भागलं. आत्या, काकू, मामा, सगळ्यांचे पत्ते एका जुन्या डब्यात गेले आणि मासे, पाण्याची शक्ती, कामाचे पत्ते वाढले. आता हात जुळायला लागला. तरी कुठंतरी अडत होतंच. रोज संध्याकाळी मी पिसून बघायचे, आणि एक दिवस अडणारा पत्ता सापडला. एक सोनेरी ड्रॅगन. हातात आला की शेवटपर्यंत हातातच बसून राहायचा, कारण त्याला विजेची शक्ती लागायची आणि तीही भरपूर. त्या एकट्यासाठी तिनं विजेचे पत्ते भरून ठेवले होते. मासे बिचारे पाण्यावाचून ताटकळायचे.

"हे ध्यान कुणी दिलंय? ह्यानंच सगळी वाट लावलीय."

ती खाली पायांकडे बघायला लागली, शाळेत बघते तशी.

"कुणाचा आहे गं?"

"तुझा."

मग आठवलं. ती तापातून उठली होती तेव्हा तिनं मागितलं म्हणून पहिलं पाकीट मीच आणलं होतं. आतून हा चमकणारा निघाला आणि मी म्हटलं होतं, हा कधी सोडू नकोस. तिनं सोडला नव्हता. खोटं कशाला सांगू, मला लागलं. बाकीच्यांचे पत्ते मी खुशाल काढले होते, आणि माझ्यावर आल्यावर म्हणावंसं वाटलं, एखादा राहू दे की. पण मीच तो उचलला आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. विजेचे पत्तेही काढले.

पुढच्या महिन्यातल्या रविवारी ती पहिला डाव हरली. मी खुर्चीत नुसती चुळबुळत होते. दुसरा डाव तिनं घेतला, तिसराही घेतला. तीनपैकी दोन, म्हणजे सामना तिचा. समोरच्या मुलाशी हात मिळवला आणि तो कुठं चुकला ते त्याला सांगत बसली.

परतीच्या गाडीत तिनं पत्ते मोजून पिशवीत ठेवले. मग म्हणाली, "मम्मी, रागावू नकोस."

"काय झालं?"

"पुढच्या महिन्यात तू येऊ नकोस. तू शेजारी बसलीस की मी तुझ्या तोंडाकडेच बघत राहते. जळगावची एक ताई येते ना, कॉलेजातली, तिच्याबरोबर येईन मी. तिला विचारलंय."

मला राग आला. इतके महिने एसटीत माझी हाडं खिळखिळी झाली त्याचं काय, असं तोंडावर आलं होतं. मग तिचा शेवटचा शब्द डोक्यात शिरला.

"कुणी विचारलं? तू?"

"मग कोण? ती जिन्यात भेटली होती. आधी मी तिला माझं नाव सांगितलं."

मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. तिथं तो ड्रॅगन हाताला लागला.

"जेवणाचा डबा तुम्हा दोघींचा देईन," मी म्हटलं.