उपास मोडला त्या मंगळवारी

देवावर माझा विश्वास होता की नव्हता, हे त्या वर्षी मला नीट सांगता आलं नसतं. असता तर मी त्याच्याशी इतकी घासाघीस केली नसती. विलायतेतल्या एका इस्पितळाचं पत्र आलं होतं. नर्सचं शिक्षण, शिकताशिकता तिथंच काम, राहायला खोली आणि महिन्याला थोडा पगार. आमच्या बेटावरच्या लालमती गावातून तोवर एकही मुलगी अशी आगबोटीवर चढली नव्हती. अट एकच होती. सरकारी डॉक्टरनं दिलेला तब्येतीचा दाखला त्या महिनाअखेरच्या टपालानं निघायला हवा, नाहीतर जागा दुसरीला. बाबा उसाच्या मळ्यात सरदार, म्हणजे मजुरांचे मुकादम होते, शब्दाचे पक्के. ते म्हणाले, "ह्या साली जमला तर जा, मी आडवा नाय येनार. नाय जमला तर मंग व्हाकोआवाल्यांना हो सांगू." व्हाकोआचं स्थळ वाईट नव्हतं, मुलगा शाळेत मास्तर होता. पण मला जायचं होतं. दुसरं काही सुचतच नव्हतं.

धास्ती होती ती त्या दाखल्याची. लहानपणी हिवतापानं मला दोनदा अंथरुणाला खिळवलं होतं आणि तेव्हापासून थंडी पडली की छाती खरखरायची. डॉक्टर छातीला नळी लावणार आणि नाही म्हणणार, हे मी मनाशी धरूनच चालले होते. मग गणपतीला नवस केला. आमच्याकडे श्रावण लागला की गणपती होईपर्यंत घरात मासे-मटण बंद. त्याला सगळे कारेम म्हणतात आणि तो सगळेच पाळतात. मला तेवढं पुरेना. मी त्यावर कडी केली. दिवसातून एकदाच जेवण, तेही अळणी, आणि मंगळवारी दिवेलागणीपर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा नाही. दाखला हातात पडेस्तोवर हे चालवायचं. आता आठवलं की हसू येतं, पण तेव्हा मला वाटायचं, मी जितकी वाळेन तितका देव माझा ऋणी होईल.

आई रोज ताट घेऊन मागे लागायची. "पोरी, आदी पोटोबा, मंग विठोबा. इतका नको गो करू." पहिले काही दिवस मी हसून टाळलं. एक दिवस मात्र तोंडातून निघून गेलं, "तुला मी जायला नको हाय, म्हनून तू माजा उपास मोडतेस." बोलले आणि लगेच कळलं की हे बोलायला नको होतं. आईनं ताट उचललं, झाकून ठेवलं. त्यानंतर ती एका शब्दानं जेवणाचं बोलली नाही. माफी मागायला माझी जीभ वळली नाही. हट्टीपणात मी बाबांची मुलगी होते.

तपासणीचा दिवस नेमका मंगळवारी आला. ऊसतोड ऐन भरात होती, बाबांना सुटी नव्हती. शाळेपासून मला बसची सवय होती, म्हणून मी एकटीच जवळच्या सांत्र द फ्लाकहून राजधानीत, पोर्ट लुईच्या सरकारी इस्पितळात गेले. तोंड कोरडं, डोकं हलकं, पण मन ताठ. आपण देवाचं सगळं पुरं केलंय, आता त्यानं त्याचं करावं!

डॉक्टर म्हातारे होते आणि कमी बोलणारे. त्यांनी छाती तपासली, पाठ तपासली, आणि छाती अगदी साफ निघाली. मी मनातल्या मनात गणपतीला हात जोडले. मग त्यांनी मला काट्यावर उभं केलं. वजन दोन पौंड कमी. मनगट धरलं तर नाडी धावत होती. त्यांनी माझ्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि कागद बाजूला ठेवला. "अशक्तपणा आहे. तीन महिन्यांनी या." तीन महिन्यांनी! मला ओरडून सांगावंसं वाटलं की मी अशक्त नाही, मी उपाशी आहे. पण ते हसतील या भीतीनं मी गप्प बसले आणि बाहेर आले.

व्हरांड्यातल्या बाकावर बसून मी रडले, पदर तोंडात धरून, कोणी बघेल याची पर्वा न करता. शेजारी एक वयस्कर क्रिओल, आफ्रिकी वंशाची बाई बसली होती, गळ्यात क्रूस, मांडीवर डब्याची टोपली. तिच्यासारख्या बाईला आमच्याकडे तांतीन म्हणतात, म्हणजे मावशी. तिची मुलगी आत बाळंत झाली होती. मुलीसाठी आणलेलं जेवण मुलीनं दोन घास खाऊन परत दिलं होतं. तांतीननं विचारलं, "काय झालं, मो तिफी?" माझी पोर म्हणाली ती मला, आणि मी आईला न सांगितलेलं सगळं तिला, बेटावर सगळेच बोलतात त्या क्रिओल बोलीतून, सांगून टाकलं. नवस, मंगळवार, दोन पौंड. ती हसली नाही. तिनं डब्याचं झाकण काढलं. शेवग्याच्या पाल्याचं सार होतं आणि खाली भात. म्हणाली, "बोंद्ये पा दिमान सा." देवानं हे मागितलेलं नाही. "मांजे." खा.

मी डब्याकडे बघत राहिले. मंगळवार होता. श्रावण होता. साराला जो वास येत होता तो सुक्या कोळंबीचा असावा असा मला संशय आला. विचारलं असतं तर तिनं खरं सांगितलं असतं, आणि मग मला खाता आलं नसतं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं आणि डोळ्यांचं पाणी थांबत नव्हतं. इतके दिवस ज्याच्याशी मी तोलूनमापून बोलत होते त्याला म्हटलं, बाप्पा, मला आता जमत नाही. तुझं तू बघ. आणि खाल्लं. डबा पुसून खाल्ला, वर तिनं दिलेली दोन केळी खाल्ली आणि नळाचं पाणी पोटभर प्याले. कोळंबी होती की नव्हती, मी आजवर स्वतःलाही विचारलेलं नाही.

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. मी मान खाली घातली, पण तांतीन उठून सरळ त्यांच्या वाटेत उभी राहिली. "दोक्तेर, ही पोर आजारी नाही, उपाशी होती. आता जेवलीय. परत मोजा." तिला ना पद ना ओळख, पण आवाज असा की डॉक्टर थांबले. त्यांनी चष्म्यावरून मला पाहिलं. "हे मला आधी का नाही सांगितलं?" थोडा वेळ बसवून त्यांनी मला पुन्हा आत बोलावलं. नाडी ठिकाणावर आली होती. काटा हलला, डुलला आणि हव्या त्या रेघेवर थांबला. आता ते साराचं वजन होतं, पाण्याचं होतं की आणखी कशाचं, यावर मी कोणाशी वाद घालणार नाही. डॉक्टरांनी सही केली आणि बजावलं, "बोट सुटेपर्यंत रोज दोन वेळा जेवायचं."

बाहेर आले तर तांतीन अदृश्य वगैरे झालेली नव्हती. नळावर डबा धूत होती. मी तिच्या पायांना हात लावला, तशी ती संकोचली, ओल्या हातांनीच मला उठवलं आणि म्हणाली, "जा लवकर, बस चुकेल." नाव विचारायचं मला सुचलं नाही, याची खंत अजून आहे.

घरी आई अंगणात ताक करत बसली होती. दाखला पिशवीत होता, पण तो आधी काढायचा धीर होईना. मी म्हटलं, "आई, मी खाल्ला. आज. दुसऱ्याच्या हातचा." वाटलं होतं, ती निदान म्हणेल, बघ, मी सांगत होते. तिनं रवी थांबवली. कोणी दिलं, काय दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "तू माजा आयकत नव्हतीस गो. मंग मी रोज देवालाच सांगत होते. हिला जाऊ दे. पन हिला कुनाच्या तरी हातून खायला घाल, उपाशी नको धाडू."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. जे बोलायचं राहिलं होतं ते तेव्हा बोलले, आणि तिनं मला पुरतं बोलूही दिलं नाही.

त्या बोटीनं मी गेले. शिकले, राबले, थंडीत रडले आणि टिकले. अडचणी पुढंही आल्या आणि प्रत्येक वेळी कोणीतरी उभं राहिलं. पण देवाशी सौदा मी पुन्हा केला नाही. महिनाभर मी माझा उपास त्याच्यापुढे मांडत होते, आणि त्यानं मान दिला तो त्याच घरातून जाणाऱ्या दुसऱ्या, आईच्या मागण्याला. माझंही त्यातच होऊन गेलं. आता हात जोडले की माझं जे असेल ते सांगते आणि शेवटी एवढंच म्हणते, बाप्पा, माझ्यासाठी दुसरं कोणी काही मागत असेल, तर आधी त्याचं ऐक.