थाय करी, 'पीस काढून'

मंडळी, अजून शिसारी जात नाहीये.

आक्कानं आणि मी मांस, मासे, दूध सगळं सोडलंय. नारळाच्या दुधातली थाय करी आक्काला जीव की प्राण. म्हणून आज तिच्या वाढदिवसाला निपाणीतल्या एका नव्या हॉटेलात गेलो. फक्त भाज्यांची करी द्या, असं बजावून सांगितलं.

अर्धी वाटी संपली आणि आक्काच्या दाताखाली चिकनचा तुकडा आला. ती तोंड दाबून बेसिनकडे पळाली आणि भडाभडा ओकली.

वेटर म्हणाला, "पीस सगळं काढलंय की! नुसता रस्सा हाय."

मॅनेजर चक्क हसला.

आक्कानं तोंड पुसत त्याला विचारलं, "अण्णा, तुमच्या उपासाला असला रस्सा चालतोय व्हय?"

आम्ही उठून आलो.

किळस रश्श्याची आलीच, पण त्या हसण्याची जास्त आली. एखादा 'मी खात नाही' म्हणतो, तेव्हा त्याचा शब्द मानायला इतकं जड का जातं?